‘शहर बिघडलं’ असं कोण म्हणतं?

(बेंगळुरूत शिकायला आणि नोकरीला आलेल्या मराठी मुलामुलींसमोर केलेलं भाषण. बोलण्याची पद्धत तशीच ठेवून थोडं संपादन केलं आहे.)



तुमच्यापैकी बरेच जण रोज आनेकल तालुक्यातून ये-जा करतात, पण त्या जागेला आनेकल म्हणत नाहीत. बोम्मसंद्र, हेब्बगोडी, चंदापूर, जिगणी, अत्तिबेले ही सगळी नावं आनेकलचीच. इलेक्ट्रॉनिक सिटी त्याच्या उंबरठ्यावर आहे. ऑगस्ट 2025 मध्ये सुरू झालेली मेट्रोची पिवळी लाइन बोम्मसंद्रला संपते. खुद्द आनेकल गाव त्याहून बरंच आत आहे, रेशमी विणकामासाठी ओळखलं जाणारं जुनं गाव. इथला विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. तेवढ्यावरून आपली माणसं इथं किती आहेत याचा अंदाज यावा.

मी इथं पीएचडीसाठी फिल्डवर्क करते. शहर आणि गरिबी याबद्दल राहणाऱ्यांना काय वाटतं, हा माझा विषय. पहिल्या प्रश्नावलीतला पहिलाच प्रश्न असा होता: गेल्या वीस वर्षांत तुमचा भाग सुधारला की बिघडला? तो लिहिताना मला फार साधा वाटला होता. आज मी त्या प्रश्नाचं काय झालं ते सांगणार आहे, कारण ती चूक माझ्या एकटीची नाही.

‘शहराचा ऱ्हास’ ही कल्पना आम्ही समाजशास्त्राच्या वर्गात शिकलो ती अमेरिकेतल्या शहरांवरून. डेट्रॉइटची लोकसंख्या 1950 मध्ये साडेअठरा लाखांच्या आसपास होती, 2010 मध्ये ती सव्वासात लाखांच्याही खाली आली. कारखाने बंद पडले, गोरी माणसं उपनगरांत निघून गेली, काळी माणसं पडक्या घरांत मागे राहिली. ऱ्हास म्हणजे शहर रिकामं होणं. बेंगळुरू मात्र रिकामं होत नाही. 2001 मध्ये बेंगळुरू शहर जिल्ह्यात 65 लाख लोक होते, 2011 मध्ये 96 लाख. दहा वर्षांत 47 टक्के वाढ. त्यामुळे इथली गरिबी वाढीच्या पोटात राहते आणि ‘बिघडलं’ या शब्दाचा अर्थ माणसागणिक बदलतो.

सुरुवातीला मी अपार्टमेंटमध्ये गेले, कारण तिथं इंग्रजी चालतं आणि खुर्ची मिळते. तिथलं उत्तर जवळजवळ एकमुखी होतं: शहर पार बिघडलं. पूर्वी हवा थंड होती, तळी स्वच्छ होती, रस्ते मोकळे होते. आता ट्रॅफिक, टँकरचं पाणी, चिक्कनागमंगलाच्या कचरा प्रकल्पाचा वास. यातलं काहीही खोटं नाही. चंदापूरच्या तळ्याची अवस्था इतकी वाईट झाली की राष्ट्रीय हरित लवादानं ऑक्टोबर 2022 मध्ये कर्नाटक सरकारला 500 कोटी रुपये भरायला लावणारा आदेश दिला. 2024 च्या उन्हाळ्यात बोअरवेल आटल्या तेव्हा तुम्हीही बादल्या मोजल्या असतील.

मग मी केरीत गेले. कन्नडमध्ये गावाला ‘ऊरु’ म्हणतात आणि दलित वस्तीला ‘केरी’. आपल्याकडे गाव आणि महारवाडा, तसंच. कवी सिद्धलिंगय्यांच्या आत्मचरित्राचं नावच ‘ऊरुकेरी’ आहे. आज आनेकलमध्ये ऊरु आणि केरीच्या मधली शेतं संपली, तिथं पीजी आणि मोबाइलची दुकानं आली. बाहेरून येणाऱ्याला सीमा दिसत नाही. पण रिक्षावाल्याला ‘ए.के. कॉलनी’ म्हणून सांगा, बरोबर तिथंच सोडतो. ए.के. म्हणजे आदि कर्नाटक.

तिथं एका म्हाताऱ्या बाबांना मी माझा प्रश्न विचारला. माझं कन्नड मोडकं, म्हणून त्यांच्या नातीनं तो दोनदा समजावून सांगितला. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि उलट विचारलं, बिघडायला आधी काय चांगलं होतं? मग ते त्यांच्या ‘जीत’बद्दल बोलले. जीत म्हणजे वेठबिगारी. बापानं घेतलेल्या कर्जापायी पोरानं जमीनदाराच्या घरी राबायचं. मराठवाड्यातल्या सालगड्याची गोष्ट ज्यांनी घरात ऐकलीय, त्यांना हे वेगळं समजावायला नको. वेठबिगारीविरुद्ध 1976 मध्ये कायदा झाला, पण कायदा झाल्यावरही या तालुक्यातली जीत संपवायला ‘जीविका’सारख्या संघटनांना वर्षानुवर्षं गावोगाव फिरावं लागलं. बाबांच्या मते त्यांच्या मुलांना जीतमधून खरं सोडवलं ते बोम्मसंद्रच्या कारखान्यांनी. जमीनदाराला ‘नाही’ म्हणायला दुसरीकडे मजुरी मिळावी लागते. बाबासाहेब खेड्याबद्दल इतकं कठोर का बोलले, हे मला त्या ओट्यावर बसून पुन्हा एकदा कळलं.

मी तळ्याचंही विचारलं. पूर्वी तळं छान होतं ना? ते हसले. तळ्याचं पाणी शेतांना सोडायला गावात एक माणूस असायचा, त्याला ‘नीरगंटी’ म्हणतात. तूम उघडायचा, कुणाच्या शेताला किती पाणी ते बघायचं, पावसाळ्यात बांध राखायचा. हे काम बहुधा दलित जातींकडे असायचं. पाणी राखणारा केरीतला, पण पाणी पिण्याचा घाट ऊरुचा. महाडच्या चवदार तळ्यावर 1927 मध्ये काय झालं ते आपण सगळे जाणतो. इथं लोक ‘आमचं तळं वाचवा’ असे फलक धरतात, आणि तळं वाचायलाच हवं. मात्र ‘आमचं’ या शब्दात नीरगंटीचं घर कधी येतच नाही.

म्हणजे केरीच्या लेखी शहर सुधारलं का? तसं समजून मी वहीत टिक केली आणि ती माझी दुसरी चूक होती. त्याच ओट्यावर त्यांची सून बसली होती. तिनं गारमेंट कारखान्यात बरीच वर्षं काढलीत. ती म्हणाली की सासऱ्यांची जीत सुटली हे खरं, पण तिच्या हातात काय राहिलं ते कुणी विचारत नाही. लाइनवर तासाचं टार्गेट, सुपरवायझरच्या शिव्या, संडासला जायची मोजलेली मिनिटं आणि किमान वेतनाच्या आसपास अडकलेला पगार. तिची सगळी बचत म्हणजे पीएफ.

एप्रिल 2016 आठवतोय? केंद्र सरकारनं नियम काढला होता की पीएफमधला मालकाचा हिस्सा 58 वर्षं पूर्ण होईपर्यंत काढता येणार नाही. गारमेंटमधली बाई 58 पर्यंत मशिनवर टिकत नाही. पोरीची फी, नवऱ्याचं ऑपरेशन, घराचं पत्र्याचं छप्पर, सगळं त्याच पैशांवर उभं असतं. 18 आणि 19 एप्रिलला हजारो कामगार रस्त्यावर उतरले, त्यात बहुसंख्य बाया होत्या. होसूर रोड बंद पडला. सरकारला नियम मागे घ्यावा लागला. टीव्हीवर मात्र जळालेल्या गाड्या आणि अडकलेला ट्रॅफिक जास्त दिसला. त्या दिवशी अपार्टमेंटमधल्या माणसानं ‘शहर बिघडलं’ म्हटलं असेल, आणि या बाईच्या आठवणीत आपलं ऐकलं गेलं असा तो एकमेव दिवस आहे.

आता जमिनीकडे येते, कारण माझ्या सगळ्या मुलाखती फिरून तिथंच पोचल्या.

महार वतन आपल्याला माहीत आहे. गावकीची कामं करायची, त्याबदल्यात जमिनीचा तुकडा. ती गुलामी मोडायला बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडलं, पुढे 1958 च्या कायद्यानं कनिष्ठ गावकामगारांची वतनं गेली. जुन्या म्हैसूर राज्यात तोटी, तळवार, नीरगंटी यांच्याकडे अशाच इनाम जमिनी होत्या आणि 1961 च्या कायद्यानं तिथली ग्रामसेवेची पदं रद्द झाली. शिवाय सरकारनं भूमिहीन दलितांना वेळोवेळी पडीक जमिनी दिल्या. त्या अडल्यानडल्या विकल्या जात होत्या, कधी लग्नासाठी, कधी दवाखान्यासाठी, कधी दारूच्या उधारीत अंगठा घेऊन. म्हणून कर्नाटकानं 1978 मध्ये कायदा केला. लोक त्याला ‘पीटीसीएल’ म्हणतात. सरकारनं अनुसूचित जाती-जमातींना दिलेली जमीन सरकारच्या आधीच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, अटी मोडून झालेली विक्री रद्द ठरते, आणि असिस्टंट कमिशनर ती जमीन मूळ कुटुंबाला परत देऊ शकतो.

जमीन सुक्या नाचणीची होती तोवर तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. इलेक्ट्रॉनिक सिटीची सुरुवात 1978 मध्येच झाली, 332 एकरांवर. दोन्ही एकाच वर्षातले. एका बाजूनं कायदा जमीन राखत होता आणि दुसऱ्या बाजूनं शहर तिची किंमत वाढवत होतं. शर्यत कुणी जिंकली ते होसूर रोडवरून दिसतं. अर्ज करणाऱ्यांना कोर्टात सांगितलं जायचं की तुम्ही फार उशिरा आलात. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही म्हटलं की अर्ज वाजवी काळात व्हायला हवा. कर्नाटकभर दलित संघटनांनी आंदोलनं केली, तेव्हा 2023 मध्ये दुरुस्ती होऊन मुदतीची अट काढली गेली. तरी दाव्यांची भांडणं संपलेली नाहीत. अंगठा देणाऱ्याच्या नातवाला कागद वाचता येईपर्यंत वीस-तीस वर्षं जातात, हे ‘उशीर’ मोजणाऱ्यांच्या हिशेबात येत नाही.

आता घरची गोष्ट सांगते. माझा मावसभाऊ इथंच एका कंपनीत टेस्टर आहे. आमच्या खानदानातला तो पहिला इंजिनियर. भाड्यानं घर शोधताना त्याला तीनदा आडनाव विचारून नकार मिळाला. एकदा तर ॲडव्हान्स घेऊन दुसऱ्या दिवशी परत केला. तेव्हा त्यानं ठरवलं की आता स्वतःचीच जागा. आनेकलच्या बाजूला एका लेआउटमध्ये त्यानं प्लॉट बघितला, टोकन दिलं आणि कागद मला दाखवायला आणले. तुम्हालाही गंमत वाटेल, इथल्या महसुली कागदांत पहाणी, खाते, दरखास्त असे शब्द भेटतात आणि मराठी माणसाला एकदम घरच्यासारखं वाटतं. त्या ओळखीच्या शब्दांतून मी मागे मागे गेले, तर मूळ जमीन दरखास्तीत मिळालेली आणि मिळालेलं नाव केरीतलं. विक्रीला सरकारची परवानगी होती का, असं विचारल्यावर एजंट म्हणाला, सर, हे सगळं आम्ही बघून घेतो.

मी भावाला ते सांगितलं. तो चिडला. म्हणाला, ताई, मला कुणी घर देत नाही, आणि मी पैसे मोजून घेतोय तर तू मलाच चोर ठरवतेस? मला पटकन उत्तर देता आलं नाही. आजही पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. त्यानं शेवटी तो व्यवहार सोडला. टोकन परत मिळालं नाही. तो अजून भाड्याच्या खोलीत राहतो आणि कधी कधी मला टोमणा मारतो.

हे मी त्याला मोठं करायला सांगत नाही. आपण शिकलो, नोकरीला लागलो की शहराच्या भिंतीच्या एका बाजूला जाऊन पडतो, आणि ती बाजू कुणाच्या जमिनीवर उभी आहे ते आपल्याला कुणी सांगत नाही. ज्या कारणानं भावाला खोली मिळाली नाही, त्याच कारणानं त्या म्हाताऱ्याची जमीन गेली. दोन्हीकडे जातच होती. पण बाजारानं त्या दोघांना समोरासमोर उभं केलं, एकाला खरेदीदार आणि दुसऱ्याला दावेदार करून. पुण्यात मुंढव्याच्या महार वतनाच्या जमिनीवरून 2025 मध्ये गदारोळ झाला, तेव्हा महाराष्ट्रालाही थोडा वेळ हे दिसलं. बातमी विरली, वतनाच्या जमिनी मात्र सगळ्याच वाढत्या शहरांच्या कडेला आहेत.

आकडेवारीतही हे सहज दिसत नाही. नवीन भारती, दीपक मलघन आणि अंदलीब रहमान या संशोधकांनी 2011 च्या जनगणनेवरून दाखवलंय की पूर्ण वॉर्ड पाहिला तर जाती मिसळलेल्या वाटतात, पण वॉर्डाच्या आत छोट्या वस्तीपर्यंत उतरलं की वेगळ्या राहणाऱ्या जाती दिसतात. म्हणजे ए.के. कॉलनी वॉर्डाच्या सरासरीत विरघळून जाते.

तर माझ्या प्रश्नावलीचं काय झालं? पहिला प्रश्न मी काढून टाकला. आता तीन विचारते. तुमच्याकडे आधी काय होतं? त्यातलं काय गेलं? ते कुणाकडे गेलं? याला उत्तरं लांब येतात, टिक करता येत नाही. माझ्या गाइडला सुरुवातीला ते पटलं नव्हतं. पण याच उत्तरांत जीत सुटल्याचा आनंद आणि जमीन गेल्याचं दुःख एकाच माणसाच्या तोंडून येतं, आणि त्यातलं एक खोडून दुसरं ठेवायची गरज उरत नाही.

तुम्हा सगळ्यांना प्रश्नावली भरायची नाही. पण तुमच्यातले बरेच जण पुढच्या काही वर्षांत इथं किंवा पुण्यात, नागपुरात घर घ्याल. घ्यायलाच हवं, आपल्या आजा-पणजांना ते मिळालं नाही. तेव्हा ईएमआय आणि मेट्रोचं अंतर बघाल, त्याच बैठकीत आणखी एक कागद मागा: ही जमीन पहिल्यांदा कुणाच्या नावावर होती, आणि त्या माणसानं ती कशी सोडली? कन्नड येत नसेल तर मला फोन करा. मी येईन वाचायला.

आणि केरीत कुणाचा अर्ज असिस्टंट कमिशनरकडे अडकला असेल, तर त्याच्यासोबत तारखेला जाऊन बसायला शिकलेला माणूस लागतो. आम्ही सध्या तिघं आहोत. चौथ्याची गरज आहे.

जय भीम.