शाळेच्या रजिस्टरातलं आपलं नाव

(३ जानेवारीला सावित्रीबाई फुले जयंतीनिमित्त आपल्या प्रभागसंघाच्या मेळाव्यात झालेलं भाषण)



१८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली, हे आपण दर जयंतीला ऐकतो. त्यावर आज बोलणाऱ्या बऱ्याच जणी आहेत. मला बोलायचंय ते शाळेतून बाहेर पडलेल्या मुलींविषयी, म्हणजे तुमच्या-माझ्याविषयी.

हल्ली गावोगाव दहावीच्या बॅचचे मेळावे होतात. फेटे, गुरुजींचा सत्कार, जेवण. मुलं जमतात, कारण ती गावातच असतात, एकमेकांचे नंबर असतात. मुलींचं काय? लग्न झालं, गाव बदललं, आडनाव बदललं, काहींचं तर पहिलं नावही बदललं. शोधायचं कुठं, नि कोणत्या नावानं? मग स्टेजवर एखादा म्हणतो, "आमच्या वर्गातल्या मुली काही आल्या नाहीत." अहो, पण बोलावलं कुणी? कन्याशाळेत शिकलेल्यांचं तर आणखी अवघड. तिथं अख्खा वर्गच सासरी पांगलेला.

पण आपलं जुनं नाव एका ठिकाणी अजून जसंच्या तसं आहे. शाळेच्या जनरल रजिस्टरात. वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव, जन्मतारीख, कोणत्या वर्गातून शाळा सोडली, सगळं. त्याची किंमत राखीव जागेवर निवडणुकीला उभ्या राहिलेल्या बाईला विचारा. लग्न झालेल्या बाईलाही जातीचा दाखला वडिलांकडच्या कागदांवरून काढावा लागतो, तेव्हा शाळेचा उतारा मोठा आधार असतो.

आणि ज्यांची शाळा मध्येच सुटली त्यांनी नीट ऐका. सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसता येतं. त्यालाही शाळा सोडल्याचा दाखला लागतो. आमच्या गटातली एक ताई आठवीत शाळा सुटल्यावर एकवीस वर्षांनी आपल्या कन्याशाळेत दाखला मागायला गेली. कोणत्या साली शाळा सोडली, ते काही सांगता येईना. क्लार्कनं विचारलं, "वर्गाच्या बाई कोण होत्या?" ते मात्र तिनं एका दमात सांगितलं, वर बाई कोणत्या रंगाची छत्री आणायच्या तेही सांगितलं! बाईंच्या नावावरून साल सापडलं. येत्या मार्चमध्ये तिची परीक्षा आहे.

लोक म्हणतात, शाळा म्हणजे दुसरं माहेर. मला ते अर्धंच पटतं. माहेरी आपण चार दिवस विसावा घ्यायला जातो, येताना पिशवी भरून आणतो. पार्वतीबाई आठवले यांची गोष्ट याच्या उलट आहे. कोकणातल्या देवरुखच्या या बाई. जन्म १८७० चा. ऐन तरुणपणी वैधव्य आलं, पदरात एक मुलगा. महर्षी कर्व्यांची पत्नी ही त्यांची बहीण. पुण्यात कर्व्यांच्या आश्रयाला येऊन, पंचविशी उलटल्यावर त्या अभ्यासाला बसल्या. पुढं हिंगण्याच्या आश्रमातच कामाला लागल्या. आश्रमासाठी गावोगाव भाषणं करून वर्गणी गोळा केली. १९१८ साली, पन्नाशीला टेकलेल्या असताना, इंग्रजी धड येत नसताना अमेरिकेला गेल्या. तिथं परक्यांच्या घरी घरकाम करून पोट भरलं, भाषा शिकल्या, नि १९२० मध्ये परत आल्या. 'माझी कहाणी' हे त्यांचं आत्मचरित्र आहे. वाचनालयात मिळालं तर गटात मोठ्यानं वाचा.

आपल्याला कुणी अमेरिकेला जा म्हणत नाही. पंखा देऊन त्यावर नाव घालणारेही खूप आहेत, तेही चांगलंच आहे म्हणा. पण आपल्याकडं पंख्याहून मोलाचं एक आहे. कोणती मुलगी पंधरा दिवस शाळेत गेली नाही, आणि का, हे हेडमास्तरांच्या आधी आपल्या गटाला कळतं. धाकटं भावंड सांभाळायला ठेवलीय, ऊसतोडीला नेलीय, की पाळी सुरू झाली नि शाळेच्या संडासाला कडी नाही. आपली शाळा का सुटली ते आपण विसरलेलो नाही, म्हणून आपल्याला हे लवकर ओळखू येतं.

तुमची शाळा माहेरच्या गावी राहिली असेल, तर सासरच्या गावची शाळा आपली म्हणा. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत कायद्यानं तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया असायला हव्यात. कागदावर असतातही. सभेला मात्र नवरा जाऊन बसतो. यापुढं ज्यांचं नाव आहे त्यांनी स्वतः जायचं, खुर्चीवर बसायचं, आणि संडासाच्या कडीचा विषय इतिवृत्तात लिहून घ्यायचा. हायस्कूल लांब आहे म्हणून मुलगी घरी बसली असेल, तर तिच्या आईला सांगा की मुलींना शाळेसाठी एसटीचा पास बारावीपर्यंत मोफत आहे. गाडी वेळेवर येत नसेल तर ग्रामसंघाच्या शिक्क्यानं आगारात अर्ज द्या.

पुढच्या आठवडी बैठकीत बचतीच्या वहीचं शेवटचं पान उघडा. प्रत्येकीनं आपलं माहेरचं पूर्ण नाव, शाळा, गाव आणि सुटलेली इयत्ता लिहायची. जिला लिहिता येत नाही तिचं शेजारणीनं लिहायचं. जी शाळेतच गेली नाही, तिनं आपल्या लेकीचं किंवा नातीचं लिहायचं. सतरा नंबरच्या फॉर्मची मुदत जवळच्या हायस्कुलात विचारून ठेवा. फेब्रुवारीच्या ग्रामसंघाच्या सभेत त्या याद्या घेऊन या. दाखला आणायला कुणाच्या सोबतीला कोण जाणार, ते तिथंच ठरवू.