पेटी फुटली की माल कळतो
(युवक शिबिरात केलेलं भाषण)



मी गोदीत माल उचलतो. मॅट्रिक झालो, पुढं हाती लागेल ते वाचत गेलो. गोदीनं एक शिकवलं : पेटीवर छापलंय त्यावरून आतला माल कळत नाही. पेटी फुटली की कळतो. आज अमेरिकेच्या अशाच एका फुटलेल्या पेटीबद्दल बोलतो.

रिचर्ड निक्सन. 1969 ते 1974 अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष. ह्या इसमानं फेब्रुवारी 1971 मध्ये स्वतःच्याच कचेरीत गुपचूप टेपरेकॉर्डर बसवले. कुणी तोंड उघडलं की यंत्र आपोआप चालू. 16 जुलै 1973 ला त्याच्याच एका अधिकाऱ्यानं सिनेटच्या समितीपुढं हे सांगून टाकलं. सुमारे 3,700 तासांचं बोलणं. कोर्टकज्जे झाले, 1974 साली गादी गेली, आणि टेपा पुढं कित्येक वर्षं थोड्या थोड्या बाहेर येत राहिल्या.

3 ऑगस्ट 1972 ची टेप घ्या. व्हिएतनाममध्ये लढाई चालू. निवडणूक तीन महिन्यांवर. खोलीत निक्सन आणि त्याचा सल्लागार किसिंजर. बाहेर लोकांना सांगणं एकच : सन्मानानं शांतता आणू. आत निक्सन म्हणतो, दक्षिण व्हिएतनाम बहुधा टिकणारच नाही. यंदा निवडणूक जिंकणं अतिशय महत्त्वाचं. किसिंजर म्हणतो, वर्ष-दोन वर्षं सगळं धरून ठेवील असं सूत्र काढू, मग कुणाला त्याचं काही वाटणार नाही.

ऐकलंत? हरणार, हे ठाऊक. फक्त हार मतदानानंतर दिसली पाहिजे. मधल्या काळात जे मरतील ते मरोत.

मरत कोण होतं? कॉलेजात शिकणाऱ्या पोराला लष्करभरतीतून सूट मिळायची. गरिबाचा पोरगा, काळ्याचा पोरगा जायचा. म्हणून तर मुहम्मद अलीनं 1967 साली भरतीला नकार दिला आणि त्याचं विजेतेपद काढून घेतलं गेलं. निक्सनच्या कारकीर्दीत 20 हजारांहून जास्त अमेरिकन शिपाई मेले. व्हिएतनामी माणसं तर लाखांत.

7 नोव्हेंबरला निक्सन 50 पैकी 49 राज्यं जिंकला. 14 डिसेंबरला पुन्हा त्याच किसिंजरला सांगतो : वर्तमानपत्रं शत्रू, प्रस्थापित शत्रू, प्राध्यापक शत्रू. फळ्यावर शंभर वेळा लिहून ठेव. चारच दिवसांनी हनोईवर बी-52 विमानं गेली. बाख माईचं इस्पितळ फुटलं. खाम थिएनची वस्ती मातीला मिळाली. आणि 30 एप्रिल 1975 ला सायगाव पडलं ते पडलंच.

आता इथं जरा थांबा. ‘प्रस्थापित शत्रू.’ हा शब्द कुणाचा? आपला! वर्तमानपत्रं आपली नाहीत, प्राध्यापक आपले नाहीत, हे आपण रोज बोंबलतो. 1972 सालीच मुंबईत आपल्या आधीच्या पोरांनी अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथरवरून नाव घेतलं, दलित पँथर उभी केली आणि हेच बोलली. त्याच साली जगातल्या सगळ्यात मोठ्या गादीवर बसलेला माणूस तोच शब्द वापरतो. मग तो आणि आपण एकच का?

नाही. फरक आहे. 1971 च्या जूनमध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं लढाईची गुप्त कागदपत्रं छापली. त्यातलं खोटं 1967 पर्यंतच्या राज्यकर्त्यांचं, निक्सनच्या आधीचं. तरी हा कोर्टात धावला. 30 जूनला सुप्रीम कोर्टात सहा विरुद्ध तीन असा हरला. पेटी उघडते म्हणून पेपर त्याचा शत्रू. आपलं भांडण उलटं आहे. वस्ती जळते, विहिरीवर माणूस मारला जातो, तेव्हा पेपर पेटी उघडत नाही. तो भितो उघडण्याला, आपण चिडतो न उघडण्यावर.

म्हणून सांगतो, गादीवरचा कुणीही पेपरवाल्यांना शिव्या घालू लागला की टाळ्या पिटू नका. शब्द आपला असेल, पेटी त्याची आहे.

आणि शेवटचं. राग येईल, येऊ द्या. आपल्याही बंद खोल्या आहेत. स्टेजवर क्रांती आणि आत तिकिटाचा हिशेब, हे आपण पाह्यलंय. कार्यकर्ता लाठी खातो, केस अंगावर घेतो, त्याची आई कोर्टाच्या पायऱ्या झिजवते; आणि आत कुणीतरी म्हणतं, निवडणूक होईपर्यंत एवढं तापलेलं राहू दे. हे किसिंजरचंच सूत्र आहे. लहान एवढंच.

आपल्याकडे टेप नको. आत जे बोलू तेच बाहेर बोलू. ज्याला ते जमणार नाही, त्याच्या पेटीला आपणच हूक लावू.

जयभीम.