गावाची न लिहिलेली हजेरी

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेत एका खेड्यातील शिक्षकाने दिलेले व्याख्यान)



आज आम्ही ज्या मुलांविषयी बोलणार आहोत, त्यांपैकी एकाचेही नाव सांगणार नाही. तशी कायद्याची मनाई आहे, आणि ती नसती तरी आम्ही सांगितले नसते. कारण ही मुले परक्या मुलखातली नाहीत. कोणी कुणब्याचा आहे, कोणी सुताराचा, कोणी ऊसतोडणीला जाणाऱ्याचा. आज ती दुसऱ्याची आहेत. उद्या आपल्या उंबऱ्यावर पाळी येणारच नाही असे छातीला हात लावून कोण सांगेल?

"नीट वाग, नाहीतर रिमांड होमला घालीन," अशी धमकी आपल्या घरोघरी ऐकू येते. कोल्हापुरात मंगळवार पेठेतले बालकल्याण संकुल लोकांस याच नावाने ठाऊक आहे. त्या आवारात अनाथ व निराधार लेकरेही राहतात, पण लोकांच्या लेखी तेथली सारीच पोरे चोर! ज्या मुलावर गुन्ह्याचा आरोप आहे, त्याची चौकशी चालू असता त्याला ठेवण्याच्या जागेस कायद्यात निरीक्षणगृह म्हणतात. ते तुरुंग नव्हे. सुटीच्या दिवशी आम्ही अशा मुलांबरोबर जाऊन बसतो. या कामास समुपदेशन असे भारदस्त नाव आहे. मुले मात्र आम्हांस गुरुजीच म्हणतात.

हे काम म्हणजे उपदेश, असा पुष्कळांचा समज आहे. ट्रेनिंग कॉलेजात आम्हांस शिकविले की प्रश्न मास्तराने विचारावा आणि उत्तर मुलाने द्यावे. तेथे ही रीत चालत नाही. "का केलेस?" हा प्रश्न त्या मुलास पोलिसाने विचारलेला असतो, मंडळाने विचारलेला असतो, चुलत्याने कानफटात मारून विचारलेला असतो. "चुकलं साहेब," हे उत्तर त्याच्या ओठांवर तयारच असते, आणि त्यात त्याचे मन तिळभरही नसते. म्हणून आम्ही तो प्रश्नच विचारीत नाही. घरी कोण कोण आहे, सकाळी कोण उठवते, शाळा कितवीत सुटली, गुरे किती, असे बोलत बसतो. नाहीतर कॅरम खेळतो. पुष्कळ दिवस तो काही बोलत नाही. मग एके दिवशी खाली बघून हळूच विचारतो, "गुरुजी, घरनं कोण आलं हुतं का?" आमचे खरे काम तेथून सुरू होते, आणि बहुतेक वेळा तेथेच अडते. कारण कोणी आलेले नसते.

एका मिस्त्रीचा पंधरा वर्षांचा मुलगा होता. विहिरीवरच्या मोटारीची तांब्याची तार चोरताना सापडला. बरोबर दोन मोठे बाप्ये होते. ते अंधारात पळाले आणि तार पोराच्या हातात राहिली. पहिल्याच आठवड्यात त्याला घरी सोडण्याचा हुकूम झाला, पण न्यायला कोणी येईना. तीन आठवडे गेले. आम्ही त्या गावी गेलो. मिस्त्री रंधा मारीत होते, त्यांनी मान वर केली नाही.

"गुरुजी, त्यानं आमचं नाक कापलं. आमच्या लेखी तो मेला."

आम्ही बसून राहिलो. चहा झाला. त्यांची मंडळी दाराआड पदर डोळ्यांस लावून उभी होती. बऱ्याच वेळाने मिस्त्रींनी रंधा खाली ठेवला आणि विचारले, "पन्नास हजार लागतात म्हणं वकिलाला. खरं हाय का?"

पाहा मंडळी! अब्रू हे वरचे कारण होते. आतले कारण पैशाची धास्ती. कोणा शहाण्याने चावडीवर बसून तो आकडा सांगितला होता, आणि तो ऐकून बापाने पोटच्या पोरावर पाणी सोडले होते. पैसेवाल्याचे पोर संध्याकाळी घरी जेवते, आणि गरिबाचे पोर सोडण्याचा हुकूम होऊनही आत बसते. का? तर पहिल्याच्या बापास कायदा ठाऊक असतो आणि दुसऱ्याच्या बापास धाक ठाऊक असतो. अज्ञानाचा दंड आपण किती पिढ्या भरणार?

म्हणून चार गोष्टी गाठीला बांधा. बालन्यायाचा सध्याचा कायदा 2015 सालचा असून तो जानेवारी 2016 पासून अमलात आहे. पहिली गोष्ट, अठरा वर्षांखालील मुलास पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्यास बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. त्या मंडळात एक न्यायदंडाधिकारी व दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, आणि त्या दोघांत निदान एक बाई असते. दुसरी गोष्ट, गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, मुलास सोडणे हा नियम आणि ठेवणे हा अपवाद. सुटल्यास तो गुन्हेगारांच्या संगतीस लागेल, त्यास धोका होईल किंवा न्यायास बाध येईल असे दिसले तरच मंडळ त्यास ठेवून घेते. तिसरी, वकील फुकट मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. चौथी, पोरांस हाताशी धरून गुन्हे करविणाऱ्या मोठ्या माणसास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. तार तोडायला पोर पुढे करणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावे.

कोणी म्हणेल, गुरुजी चोरांचे लाड करतात. ज्याची तार गेली त्याचे पीक वाळले, त्याचे काय? त्याचे दुःख खरे आहे. मुलास ते कळलेच पाहिजे, आणि ते त्याच्या गळी उतरविणे हाही आमच्या कामाचा भाग आहे. कायदाही आंधळा नाही. गुन्हा शाबीत झाल्यास मुलास तीन वर्षांपर्यंत विशेष गृहात ठेवता येते. सोळा ते अठरा वयाच्या मुलाने अतिघोर गुन्हा केला असेल, तर त्याचा खटला मोठ्या माणसासारखा चालवावा काय, हेही मंडळ तपासते. पण शेतकरी मंडळींना आम्ही विचारतो, पहिल्या दिवशी खोंड तास सोडून पळाले, तर तुम्ही ते खाटकास विकता काय?

आता गावाकडे वळतो. परिवीक्षा अधिकारी नावाचा माणूस मुलाची माहिती काढून दोन आठवड्यांत मंडळास अहवाल देतो. घर कसे, संगत कशी, शाळा कशी, हे तो पाहतो आणि विचारतो. तेव्हा पारावरचा एखादा रिकामटेकडा पान थुंकून म्हणतो, "त्यांची जातच तसली." तेवढ्या एका वाक्याचा भार पोराच्या डोक्यावर बसतो.

या करवीरच्या भूमीत तरी असे बोलताना जीभ अडखळावी. काही जातींची माणसे चोर ठरवून त्यांना रोज चावडीवर हजेरी द्यावयास लावीत. शाहू महाराजांनी आपल्या संस्थानातील महार, मांग, रामोशी, बेरड यांची ती हजेरी 1918 साली बंद केली. फासेपारध्यांस चोर म्हणून हाकलण्याऐवजी नोकऱ्या दिल्या. आणि त्याच्या आदल्याच साली, 1917 मध्ये, प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. एक हजेरी मोडली आणि दुसरी, शाळेची, सुरू केली! इंग्रजी मुलखात मात्र 1871 पासून जन्मानेच गुन्हेगार ठरविणारा कायदा चालला. 1911 च्या कायद्याने तर अशा जमातींची मुले आईबापांपासून तोडून सुधारशाळेत घालण्याचा अधिकार सरकारास दिला. स्वराज्य आल्यावर 1952 साली तो कायदा रद्द झाला.

कायदा गेला, पण गावाने आपल्या मनात एक न लिहिलेली हजेरी ठेविली आहे. निरीक्षणगृहातून आलेल्या पोराची ती रोज घेतली जाते. कोंबडी हरवली, याला विचारा. मोबाइल सापडेना, याला विचारा. कायदा म्हणतो की अशा मुलास पुढे त्या गुन्ह्यामुळे कोणतीही अपात्रता चिकटू नये. मोठ्यासारखा खटला चालून शिक्षा झालेल्यांपुरता अपवाद आहे. कायद्याने पुसलेले नाव गाव पुन्हा गिरवते. मग ज्याला कोणीच भला म्हणत नाही, ते पोर ज्या दोघांनी त्यास अंधारात सोडले त्यांच्याकडेच परत जाते. कारण तेवढेच त्यास हाक मारतात.

मिस्त्री दुसऱ्या दिवशी कोल्हापुरास आले. बापलेक एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. निघताना बापाने पोराची पिशवी आपल्या खांद्याला लावली, एवढेच. आमच्या महिनाभराच्या बोलण्याने जे झाले नव्हते, ते त्या पिशवीने झाले. तो मुलगा आज बापाच्या हाताखाली चौकटी करतो. पण गावात कोणी त्यास दाराचे काम सांगत नाही. घर पाहून ठेवील म्हणतात.

तेव्हा आमचे मागणे मोठे नाही. शाळेच्या हजेरीतून नाव गळू लागले की त्याच आठवड्यात मास्तराने घरी जावे आणि आईबापांनी शाळेत यावे. आमच्या पाहण्यातील बहुतेक मुले आधी शाळेच्या हजेरीतून गेली, मगच पोलिसाच्या वहीत आली. पोर सापडलेच, तर पहिल्या दिवशी धावा. अब्रूचा हिशेब मागून करा. आणि ते परत आले, तर त्यास त्याच्या नावाने हाक मारा व हाताला काम द्या. तुमच्यापैकी कोणास दार करावयाचे असेल, तर सभा संपल्यावर आम्हांस भेटा. मिस्त्रीच्या मुलाचा पत्ता आम्ही देऊ.