छायाचित्रातील छाया



आजचा विषय वरवर पाहता यंत्राचा आहे. संगणकावर छायाचित्रांचे संस्करण करणाऱ्या प्रणालींत ‘हाय डायनॅमिक रेंज’ नावाची एक सोय असते. झगझगीत उजेड आणि दाट काळोख हे दोन्ही एकाच चित्रात तपशिलासह आणण्याची ही युक्ती. परंतु यंत्राचे काम कोठे संपते आणि माणसाचा विवेक कोठे सुरू होतो, हा त्यामागचा खरा प्रश्न आहे. आणि तो एकट्या छायाचित्रकारांचा नाही.

अडचण जुनी आहे. गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५६-५७ च्या सुमारास समुद्राची चित्रे घेतली. त्या काळच्या काचा निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील असत; समुद्र नीट उमटेपर्यंत आकाश पांढरेफटक होऊन जाई. ल ग्रे याने तोड काढली. समुद्राची काच वेगळी, आकाशाची वेगळी. क्षितिजाशी दोन्ही जुळवून एकच चित्र छापायचे. चित्रे अप्रतिम झाली. मात्र एकच आकाश त्याने एकाहून अधिक समुद्रांवर बसवले! प्रत्येक अर्ध खरे. पण ती जोडी कोणाच्याही डोळ्यांनी कधी पाहिलेली नव्हती.

आता १९९७ सालाकडे या. पॉल डेबेव्हेक आणि मथुरेत जन्मलेले आपले जितेंद्र मलिक यांनी त्या वर्षी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या उदाहरणांपैकी एक होते कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्रार्थनामंदिर. आत अंधार, आणि रंगीत काचांच्या खिडक्यांत ऊन. कॅमेरा एका जागी ठेवून तेथे सोळा चित्रे घेतली. सर्वांत दीर्घ एक्स्पोजर तीस सेकंदांचे, सर्वांत अल्प एका सेकंदाच्या हजाराव्या भागाचे. म्हणजे दोहोंत तीस हजार पटींचे अंतर.

ही सोळा चित्रे म्हणजे सोळा साक्षीदार समजा. दीर्घ एक्स्पोजरला कोपऱ्यातले लाकूड दिसते, पण खिडकीपाशी त्याचे डोळे दिपतात. अल्प एक्स्पोजरला खिडकीचे रंग दिसतात, बाकी सारे काळे. चांगला न्यायाधीश काय करील? ज्याला जे स्पष्ट दिसले तेवढ्यापुरतीच त्याची साक्ष मानील. गणितही तेच करते. पार काळ्या आणि पार पांढऱ्या बिंदूंना कमी वजन, मधल्यांना अधिक. प्रत्येक चित्राला किती वेळ प्रकाश मिळाला हे ठाऊक असते. त्यावरून मूळ ठिकाणी कोणता भाग कोणत्या भागापेक्षा किती पट उजळ होता, याचा तक्ता तयार होतो. येथवर सारे मापन आहे. २००५ साली हे जुळणीचे काम फोटोशॉपमध्येही आले आणि सामान्य हौशी माणसाच्या हाती पडले.

पण हा तक्ता जसाच्या तसा पाहायचा कसा? छापील कागदावर पांढऱ्या-काळ्यातले अंतर फार तर शंभर-दोनशे पट. हजारो पटींचा उजेड तेवढ्या जागेत बसवायचा, तर कोठे तरी आवळावे लागते. याला ‘टोन मॅपिंग’ म्हणतात. मापन झाले ती साक्ष, हा निकाल. आणि निकाल देणारा कोणी तरी असतोच.

कोणी म्हणेल, आपला डोळाही हेच करतो. तो खिडकीकडे वळला की आकुंचन पावतो, कोपऱ्याकडे वळला की विस्फारतो. आक्षेप रास्त आहे. म्हणून या तंत्राला सरसकट खोटे म्हणणे अन्याय होईल. परंतु डोळा अंधार पाहतो तेव्हा त्याला अंधार म्हणूनच ओळखतो. चित्रात मात्र प्रत्येक कोपरा स्वतंत्रपणे उजळण्याचा हव्यास धरला, की सावलीतली भिंत मागच्या आकाशाहून उजळ होते, कडांभोवती तेजोवलये उमटतात, आणि सकाळ कोणती, संध्याकाळ कोणती, हेच कळेनासे होते. सर्व काही दिसते. वेळ मात्र हरवते.

आज तर खिशातला फोन एका स्पर्शासरशी अनेक चित्रे टिपून, ती जोडून, निकालही स्वतःच देतो. सावली किती ठेवायची, हे आपल्यासाठी दूर कोठे तरी आधीच ठरलेले असते. घरातल्या लग्नाच्या चित्रापुरते ते चालेल. पण अपघाताच्या जागेचे, पुराचे, पडक्या शाळेचे चित्र पुराव्यादाखल पुढे येते, तेव्हा ‘तेथे त्या वेळी दिसण्याइतका उजेड होता काय?’ या प्रश्नावर कोणाची तरी अब्रू अवलंबून असू शकते.

म्हणून दोन गोष्टी सुचवतो. जेथे चित्र पुरावा होणार असेल, तेथे मूळ चित्रे जपून ठेवा. साक्षीदार हयात असले तर निकाल पुन्हा तपासता येतो. दुसरी, जुळणी केली असेल तर चित्राखाली तसे लिहा. त्यात कमीपणा काही नाही.

आपल्या भाषेने या कलेला ‘प्रकाशचित्र’ या नावाबरोबर ‘छायाचित्र’ असेही नाव दिले आहे. त्यातील छायेलाही चित्रात जागा आहे, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.