ध्येयवाक्य : भिंतीवरचे आणि व्यवहारातले

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



कोणत्याही मोठ्या कंपनीच्या कचेरीत पाऊल टाकले की समोरच्या भिंतीवर सुबक चौकटीत 'व्हिजन' आणि 'मिशन' झळकताना दिसतात. आपणांस कोठे पोहोचावयाचे आहे ते व्हिजन, आणि त्यासाठी नित्य काय करावयाचे ते मिशन. आपल्यापैकी बहुतेकांचा पिंड व्यापाऱ्याचा. म्हणून साहजिकच प्रश्न पडतो, या वाक्यांचे मोल ते किती?

दाभोळच्या वीजप्रकल्पामुळे महाराष्ट्राला परिचित असलेल्या एन्रॉन कंपनीने २००० सालच्या अहवालात आदर, सचोटी, संवाद आणि उत्कृष्टता ही आपली चार मूल्ये अभिमानाने छापली होती. पुढल्याच वर्षी हिशेबांतील लबाडी उघड झाली आणि डिसेंबर २००१ मध्ये तिचे दिवाळे निघाले. आपल्याकडे तर 'सत्यम' हे नाव धारण करणाऱ्या कंपनीच्या अध्यक्षांनीच ७ जानेवारी २००९ रोजी खोट्या हिशेबांची कबुली दिली. मग ध्येयवाक्य म्हणजे केवळ शोभेची वस्तू समजावी काय?

तसे म्हणण्यापूर्वी दुसरे उदाहरण पाहू. जॉन्सन अँड जॉन्सनचे प्रमुख रॉबर्ट वूड जॉन्सन यांनी १९४३ साली कंपनीचे ध्येयपत्र लिहिले. त्यात नुसती सुभाषिते नव्हती, जबाबदारीचा क्रम होता : प्रथम रुग्ण, माता व डॉक्टर, नंतर कर्मचारी, त्यानंतर समाज आणि सर्वांत शेवटी भागधारक. पुढे जेम्स बर्क यांनी वरिष्ठ अधिकाऱ्यांना एकत्र बसवून स्पष्ट विचारले, की हे पाळणार नसाल तर भिंतीवरून काढून का टाकू नये?

१९८२ साली कसोटी आली. शिकागो परिसरात त्यांच्या 'टायलेनॉल' गोळ्यांत कुणा अज्ञाताने सायनाइड मिसळले आणि ७ जणांचा बळी गेला. दोष कारखान्याचा नव्हता. तरीही कंपनीने देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागविल्या आणि १० कोटी डॉलरहून अधिक भार सोसला. प्रथम कोण, हे आधीच ठरलेले असल्याने निर्णयाला दिशा होती.

परंतु कथा येथे संपत नाही. याच कंपनीच्या टाल्कयुक्त बेबी पावडरमुळे कर्करोग झाला, असा आरोप करणारे हजारो दावे पुढे अमेरिकेत दाखल झाले. कंपनीने आरोप नाकारले. मात्र २०२३ साली ती पावडर जगभर विकणे थांबविले. ध्येयपत्र तेव्हाही भिंतीवर होतेच! एकदा मिळविलेली पुण्याई पिढ्यान्‌पिढ्या पुरत नाही, हाच याचा बोध.

बंधू-भगिनींनो, ध्येयवाक्याची परीक्षा सोपी आहे. 'आम्ही सर्वोत्कृष्ट होऊ' हे कोणीही लिहील. हितसंबंधांचा संघर्ष झाल्यास प्रथम कोणाचे हित पाहावे, हे ते सांगते काय? आणि त्या वाक्यापायी आपण कधी हातचा नफा सोडला काय? आपल्या पेढीवर, आपल्या संस्थेत वर्षातून एकदा तरी हे दोन प्रश्न विचारावेत. उत्तर 'नाही' आले, तर चौकट उतरवून ठेवणे अधिक प्रामाणिकपणाचे ठरेल.