आद्याक्षरांच्या आड



डिसेंबर १९१७ मध्ये पेट्रोग्राड येथे लेनिनच्या सरकारने प्रतिक्रांती व घातपात यांच्याशी लढण्यासाठी एक 'अखिल रशियन असाधारण आयोग' नेमला. त्यातील 'असाधारण' व 'आयोग' या अर्थाच्या रशियन शब्दांची आद्याक्षरे 'चे' आणि 'का'. त्यांपासून 'चेका' हे नाव रूढ झाले आणि तेथील माणसाला 'चेकिस्ट' म्हणू लागले. जे असाधारण असते ते तात्पुरते असते. संकट सरताच ते संपावे, हे त्या शब्दात गृहीत होते. परंतु आद्याक्षरे तोंडी बसली आणि शब्दाचा अर्थ मागे पडला.

१९२२ मध्ये चेका बरखास्त होऊन 'गेपेऊ', म्हणजे राज्य राजकीय प्रशासन, अस्तित्वात आले. पुढच्याच वर्षी ते 'ओगेपेऊ' झाले. १९३४ मध्ये हे काम 'एनकावेदे'कडे, म्हणजे अंतर्गत व्यवहारांच्या कमिसारियतकडे गेले. स्टालिनच्या मृत्यूनंतर, १९५४ मध्ये, 'कागेबे' ही राज्य सुरक्षा समिती स्थापन झाली. ती १९९१ मध्ये विसर्जित झाली आणि १९९५ मध्ये 'एफएसबी' हे नाव आले. पाट्या बदलत गेल्या. मॉस्कोच्या लुब्यांका चौकातील इमारत मात्र तीच राहिली.

मराठी वाचकाला हे नाव इंग्रजीच्या वाटेने मिळाले, म्हणून आपल्याकडे ते 'केजीबी' झाले. मराठीत ती तीन अक्षरे स्वतःहून कोणताच अर्थ सांगत नाहीत. युक्रेनी आणि बेलारूसी भाषांत 'राज्य' या शब्दाचे आद्याक्षर वेगळे असल्याने तेथे 'कादेबे' म्हणत. बेलारूसमध्ये ते नाव आजही चालू आहे. प्रजासत्ताकांना आपापल्या भाषेत नाव लिहिण्याची मुभा होती, हुकूम मात्र मॉस्कोचा चाले. १९३६ नंतरच्या यादवी युद्धात स्पेनमध्ये तर 'चेका' हे गुप्त कोठड्यांचेच सामान्यनाम बनले. आयोगाचे नाव एका परक्या भाषेत छळाच्या जागेचे नाव झाले!

सत्तेने अर्थ झाकला तरी जनतेने तो आपल्या परीने भरून काढला. 'ओगेपेऊ'च्या चार अक्षरांतून रशियन माणूस 'हे प्रभो, पळून जाण्यास साहाय्य कर' असे वाचे; तीच अक्षरे उलट क्रमाने वाचली की उत्तर मिळे, 'पळालास तर पकडतील, मुंडके उडवतील.' 'एनकावेदे'चा अर्थ होई, 'घरी केव्हा परतेन, ठाऊक नाही.' हे विनोद दबक्या आवाजातच सांगितले जात. १९३७ आणि १९३८ या दोन वर्षांत, सोव्हिएत दप्तरांतील नोंदींनुसारच, सुमारे ६ लाख ८० हजार माणसांना गोळ्या घातल्या गेल्या. सरोजिनी नायडूंचे बंधू, क्रांतिकारक वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय हे त्यांपैकीच एक. साम्राज्यशाहीशी झुंजत समाजवादाच्या भूमीत आश्रयाला आलेला हा माणूस त्याच भूमीच्या पोलिसांनी संपवला.

हे सारे समाजवादाच्या नावाने घडले, म्हणूनच त्याचा जाब समाजवाद्यांनी सर्वांआधी मागितला पाहिजे. भांडवलशाहीचे हेर काही कमी क्रूर नव्हते, हे खरे. पण त्याने हा हिशेब चुकता होत नाही. क्रांतीच्या रक्षणासाठी असाधारण अधिकार द्यावेच लागले, तर त्यांची मुदत आणि त्यांच्यावरील न्यायालयाचा अंकुश पहिल्याच दिवशी ठरला पाहिजे. अन्यथा अपवाद हाच नियम होतो.

त्याच लुब्यांका चौकात एक साधी शिळा आहे. अत्याचारांच्या बळींच्या स्मरणार्थ ती १९९० मध्ये सोलोव्हेत्स्की बेटांवरील छावणीच्या जागेहून आणली गेली. 'मेमोरियल' या संस्थेच्या पुढाकाराने २००७ पासून अनेक वर्षे दर २९ ऑक्टोबरला नागरिक तेथे रांगेत उभे राहत आणि मारल्या गेलेल्यांचे नाव, वय, व्यवसाय व मृत्युदिन मोठ्याने वाचत. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने ती संस्था विसर्जित करण्याचा आदेश दिला. २०२२ मध्ये तिला शांततेच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. आद्याक्षरांच्या आड दडणाऱ्या सत्तेला त्या नागरिकांनी दिलेले उत्तर साधे होते: माणसाचे नाव पूर्ण उच्चारायचे.