कलंकाचा भार आणि मनाचे आरोग्य

(वार्षिक सभेच्या निमित्ताने पिपरी मेघे येथे मानसोपचार विभागातर्फे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कलंक म्हणजे काय, हे वर्ध्याच्या माणसाला पुस्तकातून शिकवावे लागत नाही. जवळच दत्तपूरला १९३६ साली मनोहरजी दिवाणांनी कुष्ठरोग्यांच्या सेवेचे काम आरंभिले. सेवाग्रामला गांधीजींनी परचुरे शास्त्रींची शुश्रूषा स्वहस्ते केली. त्या काळी कुष्ठरोगी रोगापेक्षा लोकांच्या नजरेला अधिक भीत असे. म्हणून तो पहिला चट्टा लपवी, आणि उपचाराला येई तेव्हा बोटे वाकडी झालेली असत.

आज ज्यांच्याविषयी बोलावयाचे आहे, ते समलिंगी आणि पारलिंगी बांधवही असेच लपून राहतात. फरक इतकाच की, त्यांच्याजवळ लपविण्यासारखा आजारच नाही. समलिंगी आकर्षण हा मनोविकार नव्हे, हे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये व जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये मान्य केले. पारलिंगी असणे हेही २०१९ मध्ये स्वीकारलेल्या रोगवर्गीकरणात मनोविकारांच्या प्रकरणातून वगळण्यात आले. माझ्या विद्यार्थिदशेत मात्र हा विषय आम्हांला ‘विकृती’ या मथळ्याखाली शिकविला गेला. ते विसरायला मला बराच काळ लागला, हे येथे कबूल केले पाहिजे.

मग या मंडळींत चिंता, नैराश्य, आत्महत्येचे विचार अधिक का आढळतात? इलान मेयर या संशोधकाने २००३ मध्ये याची सुसंगत मांडणी केली. प्रत्यक्ष अपमान हा ताणाचा एक भाग झाला. अपमान केव्हाही होईल ही सततची धास्ती, स्वतःला लपविण्याची दगदग, आणि लोक म्हणतात तसे आपण खरोखरच वाईट आहोत असे वाटू लागणे, हे त्याहून खोल जाणारे भाग होत.

एका तरुणाचे उदाहरण देतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. पोटदुखी आणि निद्रानाश या तक्रारींसाठी तो आला. सर्व तपासण्या निर्दोष निघाल्या. दोन भेटींत तो काहीच बोलला नाही. तिसऱ्या भेटीत, पडद्यापलीकडची माणसे पांगल्यावर म्हणाला, “घरी बोलताना प्रत्येक वाक्य मी आधी मनात तपासून घेतो.” घरात त्याच्या लग्नाची बोलणी चालली होती. पुढे त्याच्याच संमतीने आईला सांगितले. त्या माउलीने विचारले, “डाक्टरसाहेब, लगन लावून देलं तं बरा होईन ना जी हा?” मी म्हणालो, बरे होण्यासारखे काही नाही, उलट आणखी एका मुलीचे आयुष्य त्यात ओढले जाईल. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “मंग याले झोप कवा लागन, तेवढं सांगा.” त्या महिन्यात लग्नाची बोलणी थांबली. औषध थोडेच दिले होते. त्याची झोप हळूहळू सुधारली.

प्रश्न विचारण्याची ही भीती जुनी आहे. र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे देत, म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. तरीही कर्व्यांना दंड झाला. उत्तर देणाऱ्याची ही गत, तर विचारणाऱ्याने तोंड कसे उघडावे?

कायदा आता पुष्कळ पुढे आला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले. कल ‘बदलण्याचे’ उपचार करणे हे २०२२ पासून डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरले आहे. तेव्हा असे उपचार करून देतो म्हणणाऱ्याकडे, मग तो पदवीधर असो वा बुवा, आपल्या मुलांना नेऊ नये, ही नातेवाइकांना कळकळीची विनंती.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातील एक तरतूद फारशी कोणाला ठाऊक नसते. कोणीही सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर सही वा अंगठा करून आपला प्रतिनिधी नेमू शकते. तो नातेवाईकच असला पाहिजे असे नाही. त्याची लेखी संमती मात्र लागते. घराने तोडलेल्या रुग्णाला यामुळे आपला जोडीदार किंवा मित्र जवळ ठेवता येतो. रात्री-अपरात्री धीर हवा असल्यास टेलि-मानसचा १४४१६ हा शासकीय क्रमांकही आहे.

शेवटी विश्वस्तांकडे एक मागणे. आमच्या समुपदेशनाच्या जागेला आजही पडदाच आहे, आणि पलीकडे औषधांची रांग असते. त्या तरुणाच्या दोन भेटी त्या पडद्यामुळे वाया गेल्या. तेथे भिंत आणि लाकडी दार करून मिळावे. खर्चाचा अंदाज मी कार्यालयात दिलेला आहे.